विद्यार्थ्यांना खबरी करू नका

कॉलेजच्या आवारात पोलीस चौकी असावी. विद्यार्थ्यांमधूनच ‘पोलीस मित्र’ निवडावेत. जिन्याजिन्यावर कॅमेरे लावावेत. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी सातला बंद व्हावे. राज्यात कुठेही विद्यार्थिनीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की रत्नागिरीतही याच चार मागण्या ऐकू येतात, आणि सगळ्यांना मिळून ‘लोकसहभागातून गुन्हेप्रतिबंध’ असे नाव दिले जाते. मागणी करणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. राजापूरहून किंवा देवरुखहून आलेली मुलगी इथे खोली घेऊन राहत असेल, तर अशी बातमी वाचून तिच्या आईवडिलांची झोप उडणारच. तरीही या मागण्यांना माझा विरोध आहे. त्यांच्यामुळे गुन्हा कमी होत नाही, आणि ज्यामुळे तो कमी होऊ शकतो ते मागायचे राहून जाते.

या मागण्या कुणा घाबरलेल्या पालकाच्या डोक्यातून निघालेल्या नाहीत. त्यांना सरकारी आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सहज चढता येणार नाही एवढी उंच कुंपणभिंत, तिच्यावर काटेरी तारांची वेटोळी, बायोमेट्रिक हजेरी, कॅमेरे, जमल्यास आवारातच पोलीस ठाणे, असे त्यांत सुचवलेले आहे. आमच्याकडे चौकीची मागणी करणारे याच सूचनांकडे बोट दाखवतात.

पण त्याच आयोगाने दोन वर्षे आधी वेगळेच सांगितले होते. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत झालेल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर आयोगाने एक कृती दल नेमले. त्याचा ‘सक्षम’ हा अहवाल 2013 मध्ये आला, आणि त्याच्या आधारे लैंगिक छळ प्रतिबंधाचे विनियम तयार होऊन मे 2016 मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत, सुरक्षेच्या नावाखाली अतिरेकी पाळत ठेवू नये आणि मुलींच्या येण्याजाण्यावर बंधने आणू नयेत, असे हे विनियम स्पष्ट सांगतात. पुरेसा उजेड, विश्वासार्ह सार्वजनिक वाहतूक आणि प्रशिक्षित सुरक्षा कर्मचारी, त्यांत स्त्रियाही पुरेशा, ही जबाबदारी ते संस्थेवर टाकतात. मार्गदर्शक सूचना म्हणजे सल्ला. विनियम संस्थांवर बंधनकारक, ते न पाळल्यास अनुदान रोखण्यापर्यंतची कारवाई होऊ शकते. तरी आपण सल्ल्यातली काटेरी तार उचलली आणि बंधनकारक असलेला दिवा, बस व तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती यांचा विषयच काढला नाही. याचे कारण माझ्या मते साधे आहे. तार एकदा लावली की काम झाले असे दाखवता येते. दिवा मात्र रोज लागावा लागतो, बस रोज यावी लागते.

भिंत, कॅमेरा आणि पहारेकरी या सगळ्यामागचे गृहीत असे की धोका बाहेरून येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. जून 2023 मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सावित्रीबाई फुले शासकीय वसतिगृहात विदर्भातून शिकायला आलेल्या 18 वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. संशय ज्याच्यावर होता तो वसतिगृहातच कामाला होता. त्याच दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेच्या रुळांवर सापडला. त्या वसतिगृहाला भिंत होती, फाटक होते, वेळेचे नियम होते. ज्याच्यासाठी फाटक उघडेच राहणार होते, त्याला कोणती भिंत अडवणार होती? ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टरची हत्या झाली. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने ज्याला दोषी ठरवले तो पोलिसांचाच ‘सिव्हिक व्हॉलंटियर’ होता, म्हणजे पोलिसांच्या मदतीला घेतलेला नागरिक. पोलिसांचा शिक्का मिळाल्यामुळे तो कुठेही फिरू शकत होता, आणि त्याला जाब विचारील अशी व्यवस्था नव्हती. या स्वयंसेवकांची भरती कशी होते, याचा तपशील याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बंगाल सरकारकडे मागितला. विद्यार्थ्यांच्या गळ्यात ‘पोलीस मित्र’ असे ओळखपत्र अडकवू पाहणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अधिकार हाती देताना उत्तरदायित्व ठरवले नाही, तर काय होऊ शकते याचे इतके भयंकर उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे नाही.

चौकी जवळ असली तर धाक राहतो, असेही म्हटले जाते. फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेट एसटी स्थानकात पहाटे उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. पोलीस ठाणे तिथून हाकेच्या अंतरावर आहे. स्थानकात कॅमेरे होते, सुरक्षारक्षकही होते. आरोपीचा माग काढायला कॅमेऱ्याचा उपयोग झाला, हे मान्य. पण माग काढणे हे गुन्हा घडल्यानंतरचे काम आहे, आणि आपण बोलतो आहोत तो घडू नये याबद्दल.

पाळतीचा इतिहास रत्नागिरीला नवा नाही. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत इथे नजरकैदेत होता. 1924 ते 1937 सावरकर इथे स्थानबद्ध होते. ती पाळत त्यांच्या रक्षणासाठी नव्हती. सरकारला त्यांची भीती वाटत होती म्हणून होती. वसतिगृहातल्या मुलीच्या येण्याजाण्याची नोंद ठेवणारे रजिस्टर, तिला भेटायला कोण आले याची चौकशी, तिच्या मजल्यावर रोखलेला कॅमेरा, यांत कुणाची भीती आहे हे आपण प्रामाणिकपणे तपासायला हवे.

लोकांनी आणि पोलिसांनी मिळून गुन्हा रोखणे ही कल्पना मी नाकारत नाही. उलट महाराष्ट्राने ती एकदा फार मोठ्या कसोटीला लावून दाखवली आहे, म्हणूनच तिच्या नावावर भलते काही खपवलेले मला सहन होत नाही. मे 1984 मध्ये भिवंडीत भीषण दंगल झाली. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत केवळ पुढारी आणि प्रतिष्ठित नव्हते. हिंदू-मुसलमान दोन्हींकडची साधी, यंत्रमागाच्या गावातली कष्टकरी माणसे होती. प्रत्येक समितीशी एक पोलीस अधिकारी जोडलेला होता आणि बैठका नियमाने होत. गल्लीतल्या भांडणापासून पोलिसांबद्दलच्या तक्रारींपर्यंत सगळे तिथे बोलले जाई. खोपडे यांच्यानंतर आलेल्या अधिकाऱ्यांनीही समित्या चालू ठेवल्या. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींतल्या मृतांची संख्या 900 नोंदवली. भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो व सतीश साहनी हे पोलीस अधिकारी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्यांचे काम उभे केले.

भिवंडीत नेमके काय घडले होते? पोलिसांना मोहल्ल्यात खबरे पूर्वीही होते. 1984 मध्येही असणारच. खबऱ्यांनी दंगल थांबवली नाही. नवी गोष्ट ही होती की सामान्य माणूस अधिकाऱ्याला समोरासमोर विचारू लागला, आणि अधिकाऱ्याला पुढच्या बैठकीत त्याच माणसाला तोंड द्यावे लागू लागले. खबर देणारा माणूस एकटा असतो, लपून असतो आणि आपल्याच लोकांत संशयित ठरतो. समितीत बसणारा उघड बसतो, सर्वांच्या वतीने बोलतो. केरळ पोलिसांनी 2008 मध्ये सुरू केलेल्या ‘जनमैत्री’ योजनेतही ठरावीक भागाला ठरावीक बीट अधिकारी असतो, तो घरोघरी जातो, लोक त्याला नावाने ओळखतात. दोन्हीकडे ओझे पोलिसांवर आहे. आपल्याकडच्या मागण्यांत ते उचलून विद्यार्थ्यांच्या खांद्यावर ठेवले आहे.

इथे मला किनाऱ्यावरचा एक रास्त आक्षेप ऐकू येतो. आपल्या जिल्ह्यात सागर रक्षक दले आहेत. मच्छीमार समुद्रातली संशयास्पद बोट पाहून पोलिसांना कळवतात. मग विद्यार्थ्यांनी आवारातले कळवले तर बिघडले कुठे? फरक मोठा आहे. मच्छीमार अनोळखी बोटीबद्दल सांगतो, शेजारच्या घराबद्दल नाही. शिवाय ही दले ज्या धड्यातून निघाली तो धडा आपण अर्धाच लक्षात ठेवतो. फेब्रुवारी 1993 मध्ये रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली, तेव्हा ती अडवायची जबाबदारी ज्यांची होती त्यांतलेच काहीजण सामील होते. पोलीस आणि सीमाशुल्क विभागातल्या माणसांना न्यायालयाने पुढे दोषी ठरवले. कोकण किनाऱ्याने शिकायचे ते हेच होते की राखणदारावरही लोकांची नजर लागते.

अमली पदार्थांचा मुद्दा हटकून येतो. ऑगस्ट 2023 मध्ये दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली, तेव्हापासून तर जास्तच. मुलांपर्यंत हे विष पोचते आहे ही चिंता खरी आहे, आणि विकणाऱ्याला पकडायलाच हवे. पण व्यसनात अडकू लागलेला मुलगा सर्वांत आधी कळतो तो त्याच्या खोलीतल्या मित्राला. त्या मित्राला आपण खबरी केले तर तो मुलगा त्याच्यापासूनही लपू लागेल. अमली पदार्थविरोधी कायद्यातच 64-अ हे कलम आहे: अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. म्हणजे कायद्यालाही विकणारा आणि अडकलेला यांतला भेद कळतो. कॉलेजमध्ये येणाऱ्या पोलिसांच्या व्याख्यानांत शिक्षेची वर्षे सांगितली जातात, तेवढ्याच ठळकपणे हे कलम सांगितले जावे.

आता रत्नागिरीकडे पाहू. इथे एकच मोठे, भिंतीत मावणारे विद्यापीठ नाही. मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर मिरजोळे एमआयडीसीत आहे, फिनोलेक्सचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच औद्योगिक वसाहतीत. 1945 पासूनचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय शहरात, मत्स्य महाविद्यालय शिरगावला. म्हणजे विद्यार्थ्यांचा खरा परिसर शहरभर पसरलेला आहे: साळवी स्टॉप, मारुती मंदिर, जयस्तंभ, रहाटाघरचे स्थानक, भाड्याच्या खोल्या, खानावळी, कारखाने सुटल्यावर ओस पडणारे वसाहतीतले रस्ते. पावस, पूर्णगड, जयगड, मालगुंडकडून येणारी मुले-मुली एसटीवर अवलंबून. चौकी कुठल्या फाटकाशी बांधणार? सहाला प्रात्यक्षिक संपवून निघालेली मुलगी फाटकाबाहेर पडल्यावर काय करते, हा इथला प्रश्न आहे. हिवाळ्यात सातच्या आतच काळोख होतो, पावसाळ्यात वीज जाते, शेवटची गाडी चुकली की रिक्षा किंवा कुणाची तरी दुचाकी. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा खेड्यांतल्या मुलींचे शिक्षण किती बारीक दोरीवर लटकले आहे ते सगळ्यांनी पाहिले. तरी प्रयोगशाळेच्या वेळा आणि एसटीच्या वेळा एकत्र बसवण्याची मागणी कुठल्या सुरक्षेच्या पत्रकात मला दिसत नाही. तसे केले तर जास्तीची गाडी लागते, आगाराशी बोलावे लागते. मुलीला सातच्या आत घरात बसवायला काहीच लागत नाही.

आर. जी. कर प्रकरणानंतर बंगाल सरकारनेही स्त्री डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला हरकत घेतली: सुरक्षा देणे हे सरकारचे काम आहे, स्त्रियांनी रात्री काम करू नये असे सांगता येणार नाही. ग्रंथालयात आठपर्यंत बसू इच्छिणाऱ्या आमच्या मुलींना हीच गोष्ट लागू आहे.

‘आमच्या कॉलेजात एकही तक्रार नाही’ हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते, त्याचा मला राग येतो. 2007 मध्ये तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तिने कितीतरी गावांत जुनी भांडणे सामोपचाराने मिटवली, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण बक्षीस तंटा नसण्याला ठेवले की तंटा नोंदवणारी व्यक्ती गावाची वैरी ठरण्याचा धोकाही त्यातच असतो, आणि ही व्यक्ती बहुधा दुबळ्या बाजूची असते. शैक्षणिक संस्थांचे तसेच होते. मूल्यांकनाच्या फायलीत शून्य तक्रारी शोभून दिसतात. हजारो तरुण मुले-मुली जिथे वावरतात तिथे वर्षभरात एकही छेडछाड, एकही रॅगिंग, एकही चोरी झाली नाही, यावर कोणता जाणता माणूस विश्वास ठेवील? शून्याचा अर्थ एवढाच की सांगायला कुणी धजले नाही.

अमेरिकेत 1986 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या 19 वर्षांच्या विद्यार्थिनीचा तिथल्याच एका विद्यार्थ्याने खून केला. आवारात आधी घडलेले गुन्हे विद्यापीठाने पालकांना कळवले नव्हते, यासाठी तिचे आईवडील लढले. 1990 मध्ये झालेला आणि पुढे तिच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला कायदा तिथल्या संस्थांना आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करायला लावतो, गुन्ह्यांची चालू नोंदवही लोकांना पाहायला खुली ठेवायला लावतो, आणि धोका असेल तर विद्यार्थ्यांना वेळेत सावध करायला लावतो. त्या कायद्यातही पळवाटा निघाल्या, संस्थांना दंड झाले. पण दिशा योग्य आहे: लपवणे महाग करा. आपल्याकडेही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीने वार्षिक अहवाल द्यायचा असतो. तो नावे वगळून सूचनाफलकावर का लावू नये? किती तक्रारी आल्या, किती 90 दिवसांत निकाली निघाल्या, एवढे आकडे जरी दिसले तरी पुढच्या मुलीला कळेल की इथे तक्रार करता येते.

सगळ्यांत कळीची गोष्ट अजून सांगायची आहे. पोलिसांनी विद्यार्थ्यांशी बोलायचे म्हटले तर कोणाशी बोलायचे? 1989 मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैमनस्यातून ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. हिंसाचार थांबवायचा म्हणून 1994 च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका बंद केल्या. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या, 2019 मध्ये त्या होणार म्हणून तयारी झाली, आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे गुन्हा रोखण्यासाठी आपण विद्यार्थ्यांचा आवाजच काढून घेतला, आणि आता त्याच विद्यार्थ्यांकडे गुन्हा रोखण्यात सहभाग मागतो आहोत. प्राचार्यांनी निवडलेले चार गुणी विद्यार्थी पोलिसांसमोर बसवले, तर ते प्राचार्यांना आवडेल तेवढेच बोलतील. भिवंडीत असल्या समितीने काहीही साधले नसते.

निवडणुका आल्या की पक्ष येतील, मारामाऱ्या होतील, असे उत्तर मिळते. येतील, ते आजही मागच्या दाराने आहेतच. मारामारी करणाऱ्यावर गुन्हा दाखल करणे हे पोलिसांचे नेहमीचे काम आहे, आणि तेवढ्यासाठी लाखो विद्यार्थ्यांचा मताधिकार गहाण ठेवता येत नाही. आणि 2016 चे ते विनियम याच्याही पुढे गेले आहेत: विद्यार्थ्यांशी संबंधित तक्रार असेल तेव्हा अंतर्गत समितीवर तीन विद्यार्थी असावेत, आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत. प्राचार्य किंवा तत्सम वरिष्ठ पदाधिकारी त्या समितीवर नसावेत, असेही ते सांगतात. आपल्या पाल्याच्या कॉलेजात हे तीन विद्यार्थी कोण आहेत आणि ते कधी निवडले गेले, हे पालकांनी पुढच्या सभेत विचारावे.

पोलिसांकडे माणसे कमी आहेत हे मी ऐकले आहे आणि ते खरेही आहे. म्हणूनच दिवसभर फाटकावर बसणारी चौकी मला परवडणारी वाटत नाही. त्याऐवजी प्रत्येक कॉलेजसाठी एक नावानिशी ठरवलेला अधिकारी किंवा अंमलदार असावा, शक्य तिथे स्त्री. तिने महिन्यातून एकदा उघड बैठकीला यावे. महिलांच्या सुरक्षेसाठी फिरणाऱ्या पोलिसांच्या दामिनी पथकाची गाडी संध्याकाळी एमआयडीसीच्या रस्त्यावर आणि रहाटाघरला कोणत्या वेळी असेल, हे विद्यार्थ्यांशी बोलून ठरावे. बैठकीचे इतिवृत्त लिहिले जावे आणि मागच्या महिन्यात कबूल केलेल्या गोष्टींचे काय झाले, याने पुढची बैठक सुरू व्हावी. वसतिगृहातल्या रक्षकांची आणि कामगारांची पोलीस पडताळणी झाली आहे की नाही, हे तिथे विचारले जावे. खाजगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्याने रक्षकांची पडताळणी आणि प्रशिक्षण सक्तीचे आहेच. तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली किमान 6 महिने सक्तमजुरी होऊ शकते, हे मुलींना पोलिसांनीच आपल्या तोंडाने सांगावे. जो अधिकारी हे वाक्य भरल्या सभागृहात उच्चारील, त्याच्याकडे मुली आपणहून जातील.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. अंतर्गत समितीवरचे तीन विद्यार्थी कॉलेजांनी येत्या सत्रातच निवडून घ्यावेत, एसटीच्या वेळांसाठी आगारप्रमुखांना बैठकीचे निमंत्रण द्यावे, आणि विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांचे वेळापत्रक शासनाने व विद्यापीठाने तारखेसह जाहीर करावे. तोपर्यंत आमच्या मुलांच्या गळ्यात पोलिसांची ओळखपत्रे अडकवण्याचा विचार थांबवावा.